अणूची दुसरी वाट : प्रस्तावना

क्ष-किरणांच्या धड्यात एक वाक्य हमखास असते. अणूच्या सर्वांत आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवला, की वरच्या कवचातला इलेक्ट्रॉन खाली उतरून ती जागा भरतो आणि दोन पातळ्यांमधल्या फरकाइतकी ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. वाक्य खोटे नाही. सोन्याच्या बाबतीत ते शंभरातल्या शहाण्णव वेळा खरे ठरते, तांब्याच्या बाबतीत चव्वेचाळीस वेळा. पण कार्बनच्या हजार अणूंमधला आतला इलेक्ट्रॉन उडवला, तर क्ष-किरण जेमतेम तीन अणूंतून निघतात. नायट्रोजनच्या हजारांतून पाच, ऑक्सिजनच्या हजारांतून आठ. उरलेल्या नऊशे नव्वदांहून अधिक अणूंतही वरचा इलेक्ट्रॉन खाली येतोच, ऊर्जा मोकळी होतेच. प्रकाश तेवढा निघत नाही. ती ऊर्जा त्याच अणूतल्या दुसऱ्या एका इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो अणू सोडून चालता होतो.

या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला 'ओझे इलेक्ट्रॉन' म्हणतात. पिएर ओझे या फ्रेंच शास्त्रज्ञाचे हे नाव; आपल्याकडे इंग्रजी वळणाने ते 'ऑगर' असेही वाचले जाते. अभ्यासक्रमात ते भेटलेच तर एम.एस्सी.च्या एखाद्या पेपरात, तेही अर्ध्या पानात. माझी तक्रार नेमकी हीच आहे आणि हे पुस्तक त्या तक्रारीतून झाले आहे. जड अणूंमध्ये जे घडते ते आपण नियम म्हणून शिकवतो आणि हलक्या अणूंमध्ये जे घडते ते तळटीप म्हणून. आपले शरीर, पिण्याचे पाणी, श्वासातली हवा, लाकूड, कापूस, प्लास्टिक, सगळे हलक्या अणूंचे आहे. या पदार्थांत आतले कवच रिकामे झाले की इलेक्ट्रॉन बाहेर पडणे हा नियम आणि क्ष-किरण हा अपवाद. तरीही प्रसिद्धी क्ष-किरणांना मिळाली, कारण ते पदार्थातून आरपार बाहेर येतात, फोटोच्या काचेवर उमटतात, डॉक्टरांच्या कामी येतात. हलक्या अणूंतला ओझे इलेक्ट्रॉन जन्मतो तिथून काही नॅनोमीटरवरच अडखळू लागतो आणि बहुधा पदार्थातच विरतो. तो आहे हे कळायला विसाव्या शतकाची पहिली दोन दशके जावी लागली.

आधी आतली जागा रिकामी होते कशी, ते सांगतो. अणूतल्या कवचांना आतून बाहेर के, एल, एम, एन अशी नावे आहेत. सुरुवात 'ए'पासून का नाही, असे विद्यार्थी विचारतात. चार्ल्स बार्क्ला यांना पदार्थांतून निघणाऱ्या क्ष-किरणांचे दोन गट आढळले होते; त्यांच्या अलीकडे-पलीकडे आणखी काही सापडतील म्हणून त्यांनी वर्णमालेच्या मधली अक्षरे घेतली. 'के'च्या आत काही निघाले नाही, अक्षरे मात्र राहून गेली. के कवचात दोनच इलेक्ट्रॉन मावतात आणि केंद्रकाची पकड त्यांच्यावर सर्वांत घट्ट असते. निऑनमध्ये त्यातला एक सोडवायला ८७० इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. सर्वांत बाहेरचा सोडवायला २२ पुरतात. एवढी ऊर्जा क्ष-किरण देऊ शकतो, वेगवान इलेक्ट्रॉन देऊ शकतो, येऊन धडकणारा आयनही देऊ शकतो. बाहेरून काहीच न येताही हे घडते, कारण काही किरणोत्सारी अणूंचे केंद्रक आपल्याच के कवचातला इलेक्ट्रॉन ओढून घेते. लुईस अल्वारेझ यांनी १९३७मध्ये व्हॅनेडियमच्या एका किरणोत्सारी समस्थानिकात हे दाखवून दिले. कारण काहीही असो, पोकळी एकदा पडली की पुढचे सारे त्या पोकळीवर ठरते. ती कोणी पाडली आणि किती जोराने पाडली, याची नोंद अणू जवळजवळ ठेवतच नाही. पुढच्या कथेत हा मुद्दा निर्णायक आहे.

१९२३ साली पॅरिसमध्ये ज्याँ पेरँ यांच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षांचे ओझे डॉक्टरेटसाठी काम करत होते. हाताशी होती विल्सन यांची मेघपेटी. दमट वायू एकदम पसरू दिला की तो थंडावतो, आणि ज्या वाटेने विद्युतभारित कण गेला असेल त्या वाटेवर बारीक थेंबांची रेघ उमटते. तिचा फोटो काढता येतो. ओझे यांनी पेटीत हायड्रोजन भरला, त्यात थोडा आर्गॉन मिसळला आणि त्यावर क्ष-किरण सोडले. निवड विचारपूर्वक होती. हायड्रोजन क्ष-किरणांना फारसा अडवत नाही आणि त्यातून जाताना इलेक्ट्रॉनचे माग लांब पडतात. क्ष-किरण शोषण्याचे काम आर्गॉनकडे. प्रत्येक शोषणामागे एक इलेक्ट्रॉन उडणार, हे आइन्स्टाइन यांच्या १९०५च्या मांडणीवरून अपेक्षितच होते. फोटोंत मात्र अनेक ठिकाणी एकाच बिंदूतून दोन माग निघालेले होते.

दोनपैकी एका मागाची लांबी क्ष-किरणांची ऊर्जा वाढवली की वाढत होती. दुसऱ्याची जागची हलत नव्हती. क्ष-किरण सौम्य घ्या की तिखट घ्या, दुसरा माग तेवढाच; वायू बदलला तरच तो बदले. दोघांच्या दिशांमध्येही काही नाते दिसत नव्हते. आणि प्रत्येक पहिल्या मागाला दुसरा जोडीदार असेच असेही नव्हते. आर्गॉनच्या के कवचात पोकळी पडली की शंभरातून सुमारे बारा वेळा क्ष-किरण बाहेर पडतो हे आज आपल्याला माहीत आहे. जोडीदार नसलेल्या मागांत अशा अणूंचाही वाटा असणार. ओझे यांनी निष्कर्ष काढला तो असा : पहिला इलेक्ट्रॉन बाहेरून आलेल्या किरणाने उडवला, दुसरा अणूने स्वतःच्या हिशेबातून दिला. १९२६मध्ये त्यांचा प्रबंध पूर्ण झाला, तोवर या परिणामाची सगळी ठळक लक्षणे त्यांनी नोंदवलेली होती. एका पेटीतल्या रेघा मोजून इतके पदरात पाडून घेणारे प्रयोग भौतिकीत फार नाहीत.

ओझे यांच्या त्या फोटोंच्या एक वर्ष आधी, १९२२मध्ये, बर्लिनच्या डालेम भागातल्या कैसर विल्हेल्म संस्थेत लीझ माइटनर वेगळ्याच प्रश्नाशी झगडत होत्या. किरणोत्सारी पदार्थांच्या बीटा किरणांच्या वर्णपटात ठळक रेषा दिसतात, त्या येतात कुठून? केंद्रकाची गॅमा ऊर्जा त्याच अणूच्या कवचांतले इलेक्ट्रॉन बाहेर फेकते, हे त्यांचे उत्तर होते. त्या हिशेबात काही रेषा अशा निघाल्या, की त्यांची ऊर्जा के गटातल्या क्ष-किरणाच्या ऊर्जेतून बाहेरच्या कवचाची बंधन-ऊर्जा वजा केल्यावर मिळत होती. म्हणजे के कवचातली पोकळी भरताना सुटलेल्या ऊर्जेने त्याच अणूतला आणखी एक इलेक्ट्रॉन बाहेर काढला होता. माइटनर यांनी हे स्पष्ट शब्दांत छापले. पण त्यांच्या लेखाचा जीव बीटा किरणांत होता आणि हा मुद्दा त्यात वाटेवरचा होता. त्याच वर्षी बर्लिन विद्यापीठात त्यांनी किरणोत्सार आणि वैश्विक घडामोडी या विषयावर पहिले व्याख्यान दिले, तेव्हा बातमीत 'वैश्विक'च्या जागी सौंदर्यप्रसाधनांचा शब्द छापून आला. जर्मनमध्ये ते दोन शब्द जवळचे आहेत, हे कबूल. व्याख्याता पुरुष असता तर छापणाऱ्याचा हात तसाच घसरला असता का, हे वाचकाने ठरवावे.

मग नाव कोणाचे? आधी छापले माइटनर यांनी. डोळ्यांना दाखवले, सगळ्या बाजूंनी तपासले आणि वेगळा विषय म्हणून उभे केले ओझे यांनी. दोघांचे काम परस्परांवर अवलंबून असल्याचे दिसत नाही. गेल्या काही वर्षांत 'ओझे-माइटनर परिणाम' असे जोडनाव वापरावे, असा आग्रह अनेक शास्त्रज्ञांनी धरला आहे आणि मला तो पूर्ण मान्य आहे. या पुस्तकात परिणामाचे नाव म्हणून तेच वापरले आहे. इलेक्ट्रॉनसाठी मात्र रूढ झालेले 'ओझे इलेक्ट्रॉन' ठेवले आहे, केवळ सोयीसाठी. माइटनर यांना ज्यू असल्यामुळे १९३८मध्ये जर्मनी सोडावी लागली, अणुविखंडनाचा अर्थ त्यांनी ओटो फ्रिश यांच्यासह लावला आणि त्या शोधाचे नोबेल एकट्या ओटो हान यांना मिळाले. ते सगळे या पुस्तकाच्या कक्षेबाहेरचे आहे, पण श्रेय निसटण्याची ही त्यांची पहिलीच वेळ नव्हती, एवढे नोंदवून ठेवतो.

ओझे यांचे पुढचे आयुष्य आपल्या मुंबईच्या एका माणसाशी जोडलेले आहे. १९३८मध्ये त्यांनी एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर ठेवलेल्या गणकांमध्ये वैश्विक किरणांचे कण एकाच वेळी येतात, हे दाखवले. म्हणजे वातावरणाच्या वर एकच प्रचंड ऊर्जेचा कण शिरतो आणि खाली कणांचा पाऊस पडतो. मूळ कणाची ऊर्जा किती असावी याचा अंदाज बांधायला त्यांना जो सिद्धान्त उपयोगी पडला, तो होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७मध्ये मांडलेला वर्षावाचा सिद्धान्त. उत्तर आले एकावर पंधरा शून्ये इतक्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरातले, त्या काळी कोणाच्या कल्पनेतही नसलेले. पुढे ओझे युनेस्कोच्या विज्ञान विभागाचे संचालक झाले, सर्नच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता, आणि युरोपीय अवकाश संशोधन संघटनेचे ते पहिले महासंचालक. अर्जेंटिनातल्या वैश्विक किरणांच्या महाकाय वेधशाळेला त्यांचे नाव आहे, त्यामुळे बऱ्याच जणांना ते तेवढ्यापुरतेच ठाऊक असतात.

आता मूळ प्रक्रियेकडे येतो, आणि इथे थोडे थांबायला हवे. पहिल्या पिढीने या घटनेचे वर्णन दोन टप्प्यांत केले. वरचा इलेक्ट्रॉन खाली येतो, क्ष-किरण निघतो, आणि तो अणूबाहेर पडण्यापूर्वीच दुसऱ्या इलेक्ट्रॉनवर आदळून त्याला उडवतो. ऐकायला हे सोपे आहे आणि ऊर्जेचा हिशेबही चोख बसतो. अनेक पुस्तकांत आजही असेच लिहिलेले सापडते. ते चुकीचे आहे. १९२७मध्ये ग्रेगोर व्हेंट्सेल यांनी नव्या पुंजयामिकीतून दाखवले की मध्ये प्रकाश मानण्याची गरजच नाही. दोन इलेक्ट्रॉन सदैव एकमेकांना विद्युतबलाने ढकलत असतात; त्या ढकलण्यातूनच एक खाली आणि एक बाहेर, असे एकाच पावलात घडते. रहाटाच्या दोन टोकांना दोन पोहरे असले की एक विहिरीत उतरताना दुसरा आपोआप वर येतो, त्याला वर काढायला तिसरे कोणी लागत नाही, तसे. याचा पुरावाही आहे. दुसऱ्या कवचातल्या गोल आकाराच्या कक्षेतून पहिल्या कवचातल्या गोल कक्षेत उतरताना एकटा फोटॉन सोडायला निवड-नियम जवळजवळ मनाई करतात. क्ष-किरण आधी निघतो असे मानले, तर त्या वाटेने ओझे इलेक्ट्रॉन निघताच कामा नयेत. प्रत्यक्ष वर्णपटात त्यांची रेषा स्वच्छ दिसते.

मग काही अणू प्रकाश देतात आणि काही इलेक्ट्रॉन, हे ठरवते कोण? प्रत्येक पोकळीपुढे दोन्ही वाटा खुल्या असतात आणि जी जलद ती जास्त वेळा घडते. प्रकाश देण्याचा वेग अणुक्रमांकाच्या चौथ्या घाताने वाढतो. अणुक्रमांक दुप्पट झाला की वेग सोळापट. इलेक्ट्रॉन सोडण्याचा वेग मात्र अणुक्रमांकावर फारसा अवलंबून नसतो. आतले इलेक्ट्रॉन जड केंद्रकाजवळ दाटीवाटीने राहतात म्हणून परस्परांना अधिक जोराने ढकलतात, पण बाहेर पडणारा इलेक्ट्रॉनही तितकाच वेगवान असल्यामुळे तो फायदा जवळपास फिटतो. के कवचाच्या बाबतीत दोन्ही वेग गॅलियमच्या, म्हणजे अणुक्रमांक ३१च्या, आसपास सारखे होतात. निऑनमध्ये क्ष-किरणांचा वाटा शंभरात दोनहून थोडा कमी, हाडांतल्या कॅल्शियममध्ये सोळाच्या जवळ, लोखंडात चौतीसच्या आसपास, आयोडीनमध्ये अठ्ठ्याऐंशी. आणि हे फक्त के कवचाचे. एल आणि एम कवचांतल्या पोकळ्यांच्या बाबतीत जड अणूंतही इलेक्ट्रॉनची वाट वरचढ राहते, म्हणून सोन्याचा अणूही शेवटी या वाटेला येतोच.

एक हिशेब इथेच करून दाखवतो, कारण पुस्तकाचा निम्मा आशय त्यात आहे. निऑनच्या के कवचातली बंधन-ऊर्जा ८७० इलेक्ट्रॉन व्होल्ट. एल कवचातला बाहेरचा इलेक्ट्रॉन खाली आला की ८४९ सुटतात. बाहेर जाणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला सोडवायला २२ खर्च झाले, तर तो ८२७ घेऊन निघायला हवा. मोजल्यावर सर्वांत ठळक रेषा मिळते ती ८०४ आणि ८०५च्या दरम्यान. बावीस-तेवीस इलेक्ट्रॉन व्होल्ट गेले कुठे? चूक आपल्या गृहीतात आहे. २२ हा आकडा अखंड निऑनमधून इलेक्ट्रॉन सोडवण्याचा. आपला दुसरा इलेक्ट्रॉन मात्र आधीच एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूतून निघतो आहे आणि त्या धनभारित अणूची पकड जास्त घट्ट आहे. तिथे ४१ लागतात. शिवाय मागे एल कवचात दोन पोकळ्या राहतात आणि त्या एकमेकींच्या सापेक्ष कशा बसल्या यावर आणखी तीनेक खर्च होतात. ८७० वजा २२, वजा ४१, वजा ३ : उत्तर ८०४. केवळ तीन-चार बेरजा-वजाबाक्यांत अणूने आपल्या आतली परिस्थिती सांगून टाकली. पोकळ्यांची जागा बदलली की रेषा बदलते, म्हणून एका निऑनमधूनही एक नव्हे, अनेक रेषा मिळतात. शेजारी कोणता अणू बांधलेला आहे यानेही रेषा हलते. शुद्ध सिलिकॉनची रेषा ९२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असते. त्यावर ऑक्साइड चढला की ती पंधराएक इलेक्ट्रॉन व्होल्टने खाली सरकते.

हे सारे किती वेळात उरकते? निऑनच्या के पोकळीचे आयुष्य सुमारे अडीच फेम्टोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दशांश चिन्हानंतर चौदा शून्ये देऊन मग पंचवीस. तेवढ्या वेळात प्रकाशही पाऊण मायक्रोमीटरपलीकडे जात नाही. वर्षानुवर्षे हे आकडे रेषांच्या रुंदीवरून काढले जात. आयुष्य जितके कमी, रेषा तितकी रुंद, असा अनिश्चिततेचा नियम. प्रत्यक्ष घड्याळ लावून मोजणी झाली ती २००२मध्ये, व्हिएन्नात, फेरेन्स क्राउस यांच्या गटात. क्रिप्टॉनच्या एम कवचातल्या पोकळीचे आयुष्य त्यांना आठ फेम्टोसेकंदांच्या जवळ मिळाले. क्राउस, आन लुइलिए आणि पिएर आगोस्तिनी यांना २०२३चे नोबेल मिळाले ते ज्या अतिसूक्ष्म स्पंदांसाठी, त्यांचा एक पहिला खरा उपयोग ओझे इलेक्ट्रॉनचे घड्याळ लावण्यासाठी झाला होता. याहून टोकाचा प्रयोग स्टॅनफर्डच्या क्ष-किरण लेझरवर झाला. तिथे इतके फोटॉन इतक्या कमी वेळात येतात की एक पोकळी भरण्याआधी दुसरी पडते. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकाच स्पंदात निऑनचे दहाच्या दहा इलेक्ट्रॉन काढले गेले. मधल्या एका अवस्थेत के कवच पूर्ण रिकामे आणि एल कवच भरलेले, असा पोकळ अणू तयार होतो आणि तो अणू क्ष-किरणांना जवळपास अडवतच नाही.

जड अणूंत एक पोकळी भरली की बाहेर दोन होतात. त्या दोन भरल्या की चार. पोकळ्या अशा वाढत बाहेरच्या कवचांकडे सरकतात आणि प्रत्येक पायरीला इलेक्ट्रॉन सुटत राहतात. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत १९५०च्या दशकात झेनॉनच्या एका किरणोत्सारी समस्थानिकावर हे मोजले गेले, तेव्हा एका आतल्या पोकळीपासून सुरुवात होऊन अणूवर सरासरी आठहून अधिक एकक धनभार साचलेला आढळला. एक इलेक्ट्रॉन हरवला म्हणून अणूने आणखी सात-आठ घालवले.

या परिणामाचा उद्योगधंद्याला उपयोग आहे, आणि तो नेमका ओझे इलेक्ट्रॉनच्या दुबळेपणातून आला आहे. पदार्थाच्या आत खोलवर जन्मलेला ओझे इलेक्ट्रॉन ऊर्जा न गमावता बाहेर येऊच शकत नाही. जे मूळ ऊर्जेसह बाहेर येतात ते फक्त वरच्या काही अणुथरांतले. म्हणजे पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनचा झोत सोडून परत येणाऱ्यांची ऊर्जा मोजली, तर सर्वांत वरच्या दोन-चार नॅनोमीटरमध्ये कोणती मूलद्रव्ये आहेत ते कळते. जे. जे. लँडर यांनी १९५३मध्ये ही शक्यता दाखवली, पण ओझे रेषा इतर इलेक्ट्रॉनच्या गर्दीत बुडून जात. १९६८मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या लॅरी हॅरिस यांनी थेट संख्येऐवजी ऊर्जेनुसार संख्या किती झपाट्याने बदलते ते मोजले. गर्दीचा उतार सपाट असतो, रेषा अरुंद असते. बदलाचा वेग घेतला की गर्दी बाजूला पडते आणि रेषा उठून दिसते. युक्ती एवढीच, पण तिने एक तंत्र उभे केले. अट एकच, निर्वात अतिशय कडक हवा. एका टॉरच्या दहा लाखाव्या भागाइतका दाब उरला, तरी उघड्या पृष्ठभागावर सुमारे एका सेकंदात वायूचा एक संपूर्ण थर बसू शकतो.

या तंत्राने सोडवलेले एक कोडे मला फार आवडते. निकेल-क्रोमियम असलेली काही पोलादे ३७५ ते ५७५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात फार काळ राहिली, किंवा त्या टप्प्यातून सावकाश थंड झाली, की ठिसूळ होतात. वाफेच्या टर्बाइनच्या अवजड रोटरसाठी ही जिवावरची गोष्ट. रासायनिक तपासणीत काही सापडत नसे; फॉस्फरस, कथील, अँटिमनी यांचे प्रमाण नगण्य येई. १९६०च्या दशकाच्या शेवटी संशोधकांनी पोलादाचा तुकडा कडक निर्वातातच मोडला आणि ताज्या भंगावर ओझे रेषा तपासल्या. हवेत मोडला असता तर ऑक्सिजनने सगळे झाकले असते. भंग पोलादाच्या कणांच्या सीमांवरून गेला होता आणि त्या सीमांवर अँटिमनी, फॉस्फरस यांची गर्दी होती. वरचे काही अणुथर आयनांच्या माऱ्याने खरवडले की ती नाहीशी. सबंध तुकड्यात नगण्य असलेली भेसळ मोक्याच्या जागी एक अणू जाडीच्या थरात जमली होती, आणि रोटर मोडायला तेवढे पुरेसे होते. हायड्रोजन आणि हेलियम मात्र या तंत्राला दिसत नाहीत. एक इलेक्ट्रॉन पोकळी सोडून जायला, एक ती भरायला आणि एक बाहेर पडायला, असे किमान तीन लागतात.

शरीरात हेच इलेक्ट्रॉन शिरले तर काय होते, हा पुस्तकाचा शेवटचा आणि सर्वांत मोठा भाग. आयोडीन-१२५चे अर्धायुष्य साधारण ५९ दिवस. त्याचे केंद्रक के कवचातला इलेक्ट्रॉन ओढून घेते, पोकळ्यांची मालिका सुरू होते, नव्याने बनलेल्या टेल्युरियमचे केंद्रक बहुतेक वेळा आणखी एक आतला इलेक्ट्रॉन फेकते आणि दुसरी मालिका सुरू होते. एका विघटनातून सरासरी दहाहून अधिक इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्यातल्या बहुतेकांचा पल्ला नॅनोमीटरांत मोजण्याएवढा. डीएनएची जाडी दोन नॅनोमीटर. म्हणून हाच अणू डीएनएच्या साखळीत बसवलेला असेल, तर त्याचे विघटन बहुधा दोन्ही धागे तोडते. पेशीच्या बाहेर असेल तर त्या पेशीला फारशी झळ लागत नाही. औषधशास्त्रात इतका काटेकोर पल्ला दुर्मीळ आहे आणि कर्करोगावर त्याचा वापर करण्याचे प्रयत्न १९७०च्या दशकापासून सुरू आहेत. अडचण आहे ती पोहोचवण्याची. किरणोत्सारी अणू नेमक्या कर्कपेशींच्या केंद्रकात न्यायचा आणि इतर पेशींच्या केंद्रकांत जाऊ द्यायचा नाही, हे अजून समाधानकारकपणे साधलेले नाही. या उपचाराबद्दल वृत्तपत्रांत येणाऱ्या उत्साही मजकुराबाबत म्हणूनच मी हात आखडता घेतला आहे.

याच आयोडीन-१२५चा एक वेगळा वापर ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने केला आहे. डोळ्यातल्या कर्करोगासाठी तिथे जेमतेम पाच मिलिमीटर लांबीच्या टायटॅनियमच्या बंद नळ्या तयार होतात आणि त्यात हेच आयोडीन असते. पण नळीची भिंत ओझे इलेक्ट्रॉनना कधीच ओलांडता येत नाही. ते सगळे आतच संपतात. उपचार होतो तो बाहेर निसटणाऱ्या क्ष आणि गॅमा किरणांनी. एकच समस्थानिक, एकदा पेशीच्या केंद्रकात आणि एकदा धातूच्या नळीत, आणि दोन वापरांत अणूच्या दोन वेगळ्या वाटांवर भिस्त. रुग्णालयांत स्कॅनसाठी रोज वापरले जाणारे टेक्नेशियम-९९एमही प्रत्येक विघटनात काही ओझे इलेक्ट्रॉन सोडते. त्याची औषधे डीएनएत जाऊन बसत नाहीत, म्हणून ही बाब रुग्णाला भिण्यासारखी नाही. ती डोस मोजणाऱ्याने विसरण्यासारखीही नाही.

विषय संपलेला नाही. १९९७मध्ये हायडेलबर्गच्या लोरेन्झ सेडरबाउम आणि सहकाऱ्यांनी भाकीत केले की अणूकडे स्वतःचा इलेक्ट्रॉन सोडण्याइतकी ऊर्जा नसेल, तर तो ती शेजारच्या अणूला देईल आणि इलेक्ट्रॉन शेजाऱ्याचा सुटेल. काही वर्षांतच निऑनच्या समूहांत आणि पुढे पाण्याच्या रेणूंतही ते दिसले. पाण्यात बुडालेल्या जिवंत पेशीसाठी याचा अर्थ काय, यावर आज काम चालू आहे. पुस्तकात त्याला एकच प्रकरण दिले आहे, कारण तिथली विधाने वर्षा-दोन वर्षांनी बदलावी लागतील.

वाचकाकडून अपेक्षा बारावीच्या भौतिकीची आहे, त्याहून अधिक नाही. व्हेंट्सेल यांच्या सूत्रावरचे चौथे प्रकरण गणिताचे आहे; ते सोडून पाचव्यावर गेलात तरी धागा तुटणार नाही. निऑनचा हिशेब मात्र कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून पाहा, आणि तो जमला की आर्गॉनचा करा. त्यासाठी लागणारे आकडे परिशिष्टात दिले आहेत, उत्तर मुद्दाम दिलेले नाही.